तारापूर एमआयडीसीत नोकरी, उतरायचं बोईसरला : नव्याने येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी २०११ पासून वसई रोड ते बोईसर अप-डाऊन करते. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या, लॅबमध्ये नोकरी आहे. दर जून-जुलैला कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलं-मुली डब्यात दिसतात. हातात फाइल असते, चेहऱ्यावर धास्ती असते आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात. त्यांना जी उत्तरं देते तीच इथे लिहिली आहेत.

ऑफर लेटरवर पत्ता तारापूरचा आहे. तारापूर स्टेशन कुठे आहे?

या नावाचं स्टेशनच नाही. तारापूर हे समुद्राकाठचं जुनं गाव आहे, किल्ला असलेलं, चिंचणीच्या शेजारचं. औद्योगिक वसाहतीला आणि अणुऊर्जा केंद्राला त्या गावाचं नाव मिळालं, पण रेल्वे तिथून बरीच आत, बोईसरवरून जाते. तारापूर एमआयडीसीला जाणाऱ्याने बोईसरलाच उतरायचं. पश्चिम रेल्वेवर विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि मग बोईसर. तिथून पुढे वाणगाव आणि शेवटी डहाणू रोड. चर्चगेटपासून बोईसर साधारण शंभर किलोमीटरवर आहे.

एकदा एक मुलगा मुलाखतीला डहाणू रोडला जाऊन पोहोचला होता. मोबाइलवर ‘तारापूर’ शोधलं, किनाऱ्यावरचं गाव दिसलं, आणि डहाणू जवळचं वाटलं म्हणून पुढे गेला. परतीच्या गाडीत भेटला तेव्हा मुलाखतीची वेळ टळून गेली होती. म्हणून हा प्रश्न सगळ्यात वर ठेवला.

स्टेशनच्या कोणत्या बाजूला बाहेर पडायचं?

बहुतेकांनी पश्चिमेला. वसाहत पश्चिमेकडे पसरली आहे आणि तिच्या अंगाला पास्थळ, सालवड, सरावली, कुंभवली, कोलवडे ही गावं आहेत. पूर्वेला खैरापाडा, मान, बेटेगाव ही गावं आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गाला चिल्हार फाट्यावर मिळणारा रस्ता आहे. त्या बाजूलाही काही मोठे कारखाने आहेत, त्यामुळे निघण्यापूर्वी कंपनीत फोन करून ‘ईस्ट की वेस्ट’ एवढं विचारून घ्या.

दुसरी गोष्ट, पत्त्यातलं अक्षर बघा. टी, ई, डी, एन, डब्ल्यू असे इथे झोन आहेत आणि प्लॉट नंबर त्या अक्षरानेच सुरू होतो. रिक्षावाल्याला कंपनीचं नाव सांगितलं तर तो विचारात पडतो, कारण हजाराच्या वर कारखाने आहेत आणि नावं सारखी बदलतात. झोन सांगितला आणि शेजारच्या मोठ्या कंपनीची खूण दिली की रिक्षा बरोबर जागेवर जाते.

मुंबईहून येताना कोणती गाडी पकडायची?

इंडिकेटरवर ‘डहाणू रोड’ असेल ती. विरार लोकल विरारलाच संपते. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण एकदा तरी विरारला उतरून पुढच्या गाडीची वाट बघत उभा राहतो. डहाणू लोकल चर्चगेट, दादर आणि विरारहून सुटतात, त्यांची संख्या मोजकी आहे आणि दोन गाड्यांमधलं अंतर मोठं आहे. एक चुकली तर दहा मिनिटांचा हिशोब इथे चालत नाही.

लोकलखेरीज मेमू, म्हणजे विजेवरच्या कमी अंतराच्या पॅसेंजर गाड्या, आहेत, गुजरातकडे जाणाऱ्या पॅसेंजर आणि काही एक्सप्रेस आहेत. पनवेल, दिवा, भिवंडी बाजूने येणाऱ्यांना डहाणू-पनवेल मेमू उपयोगी पडते, कारण ती वसई रोडवरून वळते आणि दादरला हेलपाटा पडत नाही. वेळा मी मुद्दाम देत नाही, त्या बदलतात. निघायच्या आदल्या रात्री ताजं वेळापत्रक बघा आणि एक मागची गाडी नेहमी डोक्यात ठेवा. विरार ते बोईसर साधारण तासाभराचा प्रवास आहे, गाडी कुठे अडली नाही तर.

विरारच्या पुढे लोकल इतक्या उशिरा का आली?

मला हा प्रश्न फार आवडतो, कारण याचं खरं उत्तर डोक्यावरच्या तारेत आहे. मुंबईच्या लोकल अनेक दशकं १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर धावल्या. विरारच्या पुढे सुरतकडे मात्र २५,००० व्होल्टची एसी वीज होती. जुनी लोकल त्या तारेखाली चालूच शकत नव्हती. पश्चिम रेल्वेने चर्चगेट-विरार पट्टा टप्प्याटप्प्याने एसीवर आणला, ते काम २०१२ मध्ये पूर्ण झालं, आणि १६ एप्रिल २०१३ रोजी डहाणू रोडपर्यंत लोकल सुरू झाली.

त्याआधी आमच्यासाठी शटल होती, पॅसेंजर होती आणि एक्सप्रेसचे जनरल डबे होते. मी नोकरीला लागले तेव्हाची सकाळ अजून आठवते. एका हाताने दाराचा दांडा पकडलेला, दुसऱ्या हातात डबा, आणि आत सुरतेला निघालेल्या माणसांच्या गाठोड्यांवर पाय ठेवायला जागा शोधायची. लोकल सुरू झाली त्या आठवड्यात डब्यातल्या बायकांनी पेढे वाटले होते. आमच्यातल्या दोघी-तिघींच्या घरून ‘नोकरी सोड’ म्हणणं थांबलं ते त्या गाडीमुळे.

गाडी सफाळे-पालघरला इतका वेळ का थांबते?

कारण विरारच्या पुढे दोनच रूळ आहेत, एक जायला आणि एक यायला. त्याच रुळांवरून राजधानी जाते, गुजरात-राजस्थान-दिल्लीच्या एक्सप्रेस जातात, मालगाड्या जातात आणि आमची लोकलही जाते. मागून वेगाची गाडी आली की लोकलला बाजूच्या लूप लाइनवर घेतात आणि ती पुढे काढतात. विरारपर्यंत लोकलला स्वतःची वाट आहे, पुढे नाही. डहाणू लोकलच्या सगळ्या तक्रारींचं मूळ हे आहे.

रेल्वेसाठी या थांब्याची वीस मिनिटं म्हणजे एका गाडीला पुढे काढणं असतं. कंत्राटी कामगारासाठी ती अर्ध्या दिवसाची हजेरी असते. मी पक्की नोकरदार आहे, मला लेट मार्क लागतो आणि तीन लेट मार्कला अर्धी रजा जाते, एवढंच. पण ठेकेदाराकडे काम करणारा गेटवर पोहोचेपर्यंत मुकादमाने दुसरा माणूस आत घेतलेला असतो. परवाच पॅकिंगला जाणारी एक बाई केळवे रोडला गाडी उभी असताना पर्समधले पैसे मोजत होती. आज काम मिळालं नाही तर परतीला रिक्षाऐवजी चालत यावं लागेल, एवढाच तिचा हिशोब होता. या उशिराला प्रवाशांची ‘गैरसोय’ म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. ही मजुरी आहे, आणि ती बुडते.

मग चौपदरीकरणाचं काय?

विरार-डहाणू रोड पट्ट्यात आणखी दोन मार्गिका टाकायचं काम मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे एमयूटीपी-३ मध्ये, मंजूर आहे आणि चालू आहे. सुमारे ६४ किलोमीटरचा पट्टा आहे. मुंबई रेल्वे विकास महामंडळ हे काम करतं. खिडकीत बसलात तर मातीचे भराव आणि पुलांचे नवे खांब दिसतात. खाड्या आणि तिवरं यामुळे काम सोपं नाही हे खरंच आहे. तरीही ते पूर्ण झाल्याशिवाय गाड्यांची संख्या मनासारखी वाढणार नाही. ‘एक तरी लोकल वाढवा’ अशी निवेदनं आम्ही देतो, पण दोन रुळांवर जागा किती उरली आहे तेही बघावं लागतं.

बुलेट ट्रेनचं स्टेशन बोईसरला होणार म्हणतात, त्याचा उपयोग होईल का?

मुंबई-अहमदाबाद हायस्पीड मार्गावरच्या १२ स्थानकांत बोईसर आहे. हे स्थानक आताच्या स्टेशनात नसून पूर्वेकडे वेगळ्या जागी आहे. कंपन्यांच्या साहेबलोकांना आणि गुजरातहून येणाऱ्या व्यापाऱ्यांना उपयोग होईल. सकाळच्या फर्स्ट शिफ्टला जाणाऱ्यांची गाडी ती नाही.

शिफ्टच्या वेळा गाड्यांना जुळतात का?

जनरल शिफ्टला जुळतात. फर्स्ट शिफ्ट सकाळी सातला सुरू होते, तिच्यासाठी लांबून येणारे पहाटे घर सोडतात. खरी अडचण सेकंड शिफ्टची आहे. रात्री अकराला सुटलेला माणूस स्टेशनवर येईपर्यंत परतीची गाडी मिळेलच असं नसतं. मोठ्या कंपन्यांच्या बस असतात. लहान युनिटमधली मुलं चौघं मिळून पास्थळ-सरावलीकडे खोली घेतात आणि सेकंड-नाइटच्या आठवड्यात तिथेच राहतात. मुलाखतीत पगार विचाराल तसंच ‘सेकंडला गाडी आहे का’ हेही विचारा. संकोच करू नका. मुलींनी तर विचाराच, आणि उत्तर लेखी घ्या.

पास कोणता काढावा?

प्रोबेशनचे पहिले एक-दोन महिने मासिक काढा. नोकरी टिकणार असं दिसलं की तिमाही. तिमाहीचं भाडं मासिकाच्या २.७ पट असतं, म्हणजे थोडी बचत होते, आणि मोठी बचत म्हणजे खिडकीवरची रांग वाचते. मोबाइलवरून काढायचा असेल तर रेल्वेचं ‘रेलवन’ ॲप जुलै २०२५ मध्ये आलं आहे, त्यातून तिकीट निघतं.

लोकलचा पास घेऊन कुठल्याही एक्सप्रेसमध्ये चढता येत नाही, हे लक्षात ठेवा. आरक्षित डब्यात तर नाहीच. पासधारकांना मुभा असलेल्या ठराविक गाड्या आहेत आणि तिथेही अनारक्षित डबाच तुमचा. सुपरफास्ट असेल तर वेगळा अधिभार लागतो. विनातिकीट सापडल्यास भाड्यावर किमान २५० रुपये दंड आहे. पास घरी राहिला तर सरळ तिकीट काढा. बोईसरला शिफ्ट सुटायच्या वेळेला तपासनीस पुलाच्या तोंडाशी उभे असतात.

डब्यात बसायला मिळतं का? ग्रुपवाले जागा देत नाहीत असं ऐकलंय.

सकाळी डहाणूकडे जाताना विरारपर्यंत गर्दी, मग डबा मोकळा होतो. संध्याकाळी मात्र बोईसरलाच गाडी भरते आणि पालघरला पाय ठेवायला जागा उरत नाही. तिघांच्या बाकावर कडेची चौथी सीट मागितली तर मिळते, न मागता कोणी सरकत नाही.

रोज एकाच डब्यात बसणाऱ्यांच्या ग्रुपबद्दल तुम्ही ऐकलं ते थोडं खरं आहे. काही पुरुषांच्या डब्यांत नव्या माणसाला उठवतात, आणि ते चूकच आहे. भाडं सगळ्यांचं सारखंच असतं. पण याच ग्रुपमधली माणसं कोणाला चक्कर आली तर पाणी घेऊन धावतात, गाडी अडली तर कंपनीत फोन करून ‘आम्ही सगळे केळव्याला अडकलोय’ असं सांगतात. आमच्या डब्यात भाज्या निवडल्या जातात, स्वेटर विणले जातात, हळदीकुंकू होतं. दसऱ्याला झेंडूच्या माळा लागतात. भजनाचे डबे आहेत, टाळ दप्तरातच असतात. नवीन असाल तर आठवडाभर एकाच डब्यात, एकाच दाराने चढा. तुम्हाला कोणी तरी नावाने हाक मारायला लागेल.

मालडब्याकडेही एकदा बघून ठेवा. पहाटे मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत सातपाटीकडच्या मासळीच्या पाट्या, केळवे-माहीमची पानं, डहाणू-घोलवडचे चिकू, उन्हाळ्यात ताडगोळे आणि जांभळं असतात. हा पट्टा कारखान्यांचा झाला तो अलीकडे. त्याच्याआधीपासून ही माणसं याच गाडीने बाजार गाठत आली आहेत.

स्टेशनबाहेरून कंपनीपर्यंत कसं जायचं?

शेअर रिक्षा, इको (छोटी व्हॅन) किंवा एसटी. बोईसरला एसटीचं आगार आहे, चिंचणी-तारापूरकडच्या गाड्या तिथून मिळतात. लोकल आली की एकदम दोन-तीन हजार माणसं बाहेर पडतात आणि पुढची पंधरा मिनिटं नवापूर रोड जाम असतो. माझा अनुभव असा की पहिल्या लोंढ्याबरोबर धावण्यापेक्षा पुलाच्या पायऱ्या उतरून दोन मिनिटं थांबावं, रिक्षा परत येतातच. जवळच्या झोनला जाणारे बरेच जण चालत जातात. पावसाळ्यात मात्र रस्त्यावरचे खड्डे पाण्याखाली असतात, बूट पिशवीत घ्या आणि चपलेने चला.

बोईसर जवळ आलं की वास येतो. तो धोकादायक आहे का?

वास रसायनांचा असतो, आणि वारा समुद्राकडून असेल तर गाडीच्या दारातच कळतो. डोळे मिटून बसलेली माणसं त्या वासावर उठून पिशव्या काढतात. त्याची सवय होते, आणि सवय होते ही चांगली गोष्ट नाही. डोळे चुरचुरले, घसा धरला तर दुर्लक्ष करू नका.

वसाहतीचं सांडपाणी सामुदायिक प्रक्रिया केंद्रातून नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. प्रदूषणामुळे मासेमारी मेली म्हणून किनाऱ्यावरच्या मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती, आणि लवादाने कारखान्यांना दंडही ठोठावला. अपघातही झाले आहेत. ११ जानेवारी २०२० रोजी इथल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आठ जण गेले. आवाज लांबच्या गावांपर्यंत ऐकू गेला होता. म्हणून नोकरीच्या पहिल्या दिवशी कामाची जागा बघाल तेव्हा बाहेर पडायचं दार, एकत्र जमायची जागा आणि आय-वॉश, म्हणजे रसायन उडालं तर डोळे धुवायचा नळ, कुठे आहे तेही बघा. कोणी दाखवत नसेल तर दाखवायला सांगा. मी लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक ट्रेनीला आधी हे दाखवते, मशीन नंतर.

अणुऊर्जा केंद्र इथेच आहे ना?

हो, किनाऱ्याला. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, १९६९ मध्ये सुरू झालं. प्रत्येकी ५४० मेगावॉटचे तिसरे आणि चौथे युनिट २००५-०६ मध्ये आले. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. तिथली काही माणसं आज आमच्याच गाडीला असतात. केंद्राच्या कर्मचाऱ्यांची वसाहत बोईसरला आहे, लोक तिला टॅप्स कॉलनी म्हणतात. केंद्रात बाहेरच्यांना प्रवेश नाही.

पावसाळ्यात गाड्या बंद पडतात का?

पडतात. पाणी वसई-नालासोपारा-विरार पट्ट्यात रुळांवर साचतं आणि त्याचा फटका आम्हाला पुढे बसतो, बोईसरला कोरडं असलं तरी. जोराचा पाऊस लागला की सुपरवायझरला सांगून लवकर निघा, ‘बघू’ म्हणत बसू नका. एका जुलैत आम्ही अकरा जणी रात्र बोईसर स्टेशनवर काढली होती. एका चहावाल्याने स्टोव्ह पहाटेपर्यंत चालू ठेवला आणि पैसे नंतर द्या म्हणाला. तेव्हापासून माझ्या पिशवीत एक ओढणी, चार्जर आणि बिस्किटांचा पुडा जून ते सप्टेंबर कायम असतो.

पुलाऐवजी रुळावरून पटकन गेलं तर?

कृपा करून जाऊ नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण मी त्यासाठी सांगत नाही. इथे न थांबणाऱ्या गाड्या पूर्ण वेगाने जातात. लोकलच्या आवाजाची सवय असलेल्या कानाला राजधानी किती जवळ आली ते कळत नाही. आमच्या डब्यातली एक जागा दोन वर्षांपूर्वी अशीच रिकामी झाली. शिफ्टला चार मिनिटं उरली होती.

रेल्वेत मदत हवी असेल तर १३९, आणि लोहमार्ग पोलिसांसाठी १५१२.

गाडीतून खाडीत निर्माल्य टाकलं तर चालतं का?

नाही. वैतरणा आणि सफाळ्याच्या मध्ये वाढीव नावाचं बेट आहे. तिथल्या माणसांना स्टेशन गाठायला रेल्वेपुलाच्या कडेने चालत यावं लागतं, शाळेची मुलंसुद्धा. तुम्ही दारातून टाकलेला नारळ त्यांच्या अंगावर जातो. २०२५ मध्ये भाईंदर-नायगाव पुलावर गाडीतून फेकलेला नारळ डोक्यात लागून एका तरुणाचा जीव गेला. पिशवी घरी परत न्या.

बोईसरला राहावं की अप-डाऊन करावं?

लग्न व्हायचंय, खोली परवडते, शिफ्ट फिरती आहे, तर बिनधास्त इथे राहा. भाडं वसई-विरारपेक्षा कमी आहे. मुलांची शाळा, नवऱ्याची किंवा बायकोची मुंबईतली नोकरी असेल तर अप-डाऊनला पर्याय नाही. मी दोन्ही केलं आहे. इथे राहिले ते दीड वर्ष झोप पुरली, पण आईला रविवारीच भेटायचे.

पहिल्या दिवशी काय काय लक्षात ठेवू?

ऑफर लेटरची प्रत, आधार आणि दोन फोटो पाण्यापासून जपून ठेवा, गेटपासला लागतात. पायात बंद बूट हवेत, बऱ्याच कंपन्या चपलेने आत सोडत नाहीत. सुटे पैसे ठेवा. उमरोळी गेलं की उठून दाराजवळ या, बोईसरला गाडी फार वेळ थांबत नाही आणि तेवढ्यात उतरणारे शेकडो असतात. मुली असाल आणि काही अडलं तर सकाळच्या डहाणू लोकलला लेडीज डब्यात कुणालाही विचारा, ‘एमआयडीसीला जाणाऱ्या कोण?’ पाच-सहा हात तरी वर होतील.